वाल, कळक आणि विज्ञानाची भाषा : बंगळूरच्या विज्ञानसंस्थेच्या निमित्ताने

बंगळूरचे जुने रहिवासी भारतीय विज्ञान संस्थेला आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ याच नावाने ओळखतात. अधिकृत नाव त्यांना ठाऊक नसते असे नाही. परंतु लोकव्यवहारात नाव टिकते ते दात्याचे. जमशेटजी टाटांच्या योजनेचा मसुदा १८९८ च्या डिसेंबरअखेरीस, नुकत्याच मुंबईत उतरलेल्या लॉर्ड कर्झनपुढे ठेवण्यात आला, तेव्हा त्याने दोन शंका काढल्या. इतके उच्च शिक्षण घेण्यास पात्र असे विद्यार्थी हिंदुस्थानात मिळतील काय, ही पहिली; आणि मिळाले तरी शिकून बाहेर पडल्यावर त्यांना काम कोण देणार, ही दुसरी. म्हैसूर दरबारने दिलेल्या ३७१ एकर जागेवर १९०९ साली संस्था स्थापन झाली व १९११ मध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले. पहिली शंका त्याबरोबरच निकालात निघाली. दुसरीत मात्र कर्झनला अभिप्रेत नसलेला एक खोल प्रश्न दडलेला होता : या भूमीत विज्ञान शिकवायचे ते कोणाच्या गरजेसाठी? त्या प्रश्नाचे उत्तर अद्याप पुरते मिळालेले नाही.

विद्यापीठीय विज्ञानशिक्षणाच्या ‘निर्वसाहतीकरणा’विषयी अलीकडे बरेच बोलले जाते. शब्द बोजड आहे. तो मराठीत घडला नसून मराठीवर लादला गेला आहे, हे उच्चारताच जाणवते. पण शब्दापेक्षा त्यामागील कल्पना अधिक धूसर आहे. कोणी त्याचा अर्थ प्राचीन ग्रंथांतून आधुनिक शोधांचे पूर्वज हुडकणे असा घेतात, कोणी अध्यापकवर्गाचे भारतीयीकरण असा, तर कोणी पाठ्यपुस्तकांचे भाषांतर असा. यांपैकी पहिल्याचा विचार येथे करण्याचे कारण नाही. उरलेल्या दोहोंपुरते बोलायचे तर, बंगळूरच्या संस्थेशी निगडित अशी दोन मराठी उदाहरणे या चर्चेत उपयोगी पडतील असे वाटते. ती विज्ञानाच्या इतिहासात परिचित आहेत. भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी मात्र त्यांच्याकडे आपल्या दृष्टीने पाहिलेले नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वसाहतकालीन विज्ञानाने स्थानिक वस्तूंकडे पाठ फिरवली होती, असे सरसकट म्हटले जाते. वस्तुस्थिती तशी नव्हती. या संस्थेतील आरंभीच्या रसायनसंशोधनाचा एक ठळक विषय होता म्हैसूरचे चंदन. तोवर चंदनाचे लाकूड परदेशी जाई व तेल तिकडे निघे. पहिल्या महायुद्धात ती वाट अडली तेव्हा संस्थेतील सडबरो आणि वॉटसन या इंग्रज रसायनज्ञांनी तेल काढण्याची पद्धत बसविली आणि १९१६ साली बंगळुरात दरबारचा चंदनतेलाचा कारखाना उभा राहिला. चंदनाहून अधिक स्थानिक असे काय असणार? तरीही ते संशोधन ज्या प्रश्नातून निघाले तो व्यापाराचा आणि दरबारच्या उत्पन्नाचा होता. संशोधनाचा पदार्थ देशी असणे आणि प्रश्न देशी माणसाचा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढील विवेचन या भेदावर आधारलेले आहे.

ट्रॅव्हर्सपासून फॉर्स्टरपर्यंत संस्थेचे सर्व संचालक इंग्रज होते. १९३३ साली चंद्रशेखर वेंकट रामन त्या पदावर आले. ते पहिले भारतीय संचालक. राष्ट्रीय दृष्टीने ही घटना मोठी होती यात शंका नाही. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठातून रसायन व भौतिकी घेऊन बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत यांनी संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. त्यांचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही याच संस्थेतून बाहेर पडलेले आरंभीचे रसायनज्ञ. तेव्हा हे दार कमलाबाईंना घरच्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. अर्ज नाकारला गेला. कारण गुणांचे नव्हते, स्त्रीत्वाचे होते. कमलाबाई बंगळूरला आल्या, त्यांनी संचालकांना कारण विचारले आणि गांधीजींच्या मार्गाने धरणे धरण्याची तयारी दाखविली. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, कामाचा दर्जा पटला तरच ते ग्राह्य, आणि प्रयोगशाळेतील पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये.

शेवटची अट जरा थांबून वाचावी अशी आहे. परक्या सत्तेचा अपमान ज्याने स्वतः अनुभवला आणि आपल्या कर्तृत्वाने परतविला, अशा माणसाकडून ती आली. रामन यांच्या वैज्ञानिक थोरवीला यामुळे उणेपणा येत नाही. कमलाबाईंनीही ती थोरवी कधी नाकारली नाही, पण तो अपमानही त्या उतारवयापर्यंत विसरल्या नाहीत. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की खुर्चीवरील माणूस बदलला त्याच वर्षी दाराशी उभ्या असलेल्या व्यक्तीला परत जाण्यास सांगितले गेले. वर्षभराच्या कामानंतर रामन यांचे मत पालटले आणि संस्थेची दारे स्त्रियांना उघडली. मात्र उघडलेल्या दारापलीकडे आणखी दारे होती. संस्थेला तेव्हा स्वतःच्या पदव्या नव्हत्या. विद्यापीठसम दर्जा तिला १९५८ मध्ये मिळाला. रामन यांच्याच प्रयोगशाळेत पुढे काम केलेल्या अ‍ॅना मणी यांचा प्रबंध तयार असूनही, एम.एस्सी. पदवी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही.

कमलाबाईंचे मार्गदर्शक होते श्रीनिवासय्य. शिस्तीने कडक, पहाटे पाचला सुरू होणारा दिवस रात्री दहाला संपे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी विषय घेतला तो दुधातील आणि डाळी-कडधान्यांतील प्रथिनांचा. १९३६ मध्ये एम.एस्सी., त्यानंतर केंब्रिज, तेथे रॉबिन हिल यांच्याबरोबरचे काम, बटाट्यावर प्रयोग करीत असता वनस्पतिपेशींत सायटोक्रोम-सीचे अस्तित्व दाखविणारा अवघ्या चाळीस पानांचा प्रबंध, आणि १९३९ साली डॉक्टरेट. राज्यकर्त्यांच्या देशातील विद्यापीठाने त्यांना जे सहजपणे दिले, ते मिळविण्यासाठी स्वदेशात झगडावे लागले होते. वसाहतवादाची मांडणी ‘तिकडचे’ आणि ‘इकडचे’ अशा सरळ रेषेने करणाऱ्यांची येथे पंचाईत होते.

दिल्ली, कुन्नूर आणि पुढे मुंबईची विज्ञान संस्था हा त्यांचा नंतरचा प्रवास. १९४७ मध्ये विवाहानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. मुंबईत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जे विषय हाताळले त्यांची नुसती नावे वाचली तरी एक आहारचित्र उभे राहते : कडधान्ये, पालेभाज्या, नीरा. ताडा-माडाच्या गोड रसात कोणती पोषकद्रव्ये आहेत आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्याचा काय उपयोग, हा विषय त्यांनी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून घेतला. परंतु मला अधिक बोलके वाटते ते वालाचे उदाहरण. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे प्रथिने पचविणारे द्रव्य येते. कच्च्या वालात आणि डबल बीमध्ये त्या ट्रिप्सिनलाच अडविणारी प्रथिने असतात. म्हणजे धान्यात प्रथिन आहे, पण ते पचू न देणारा पहारेकरीही त्यातच बसलेला आहे. हे रोधक त्यांनी स्फटिकरूपात वेगळे केले आणि १९५५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात तसे प्रसिद्ध केले. ही रोधकशक्ती उष्णतेने बऱ्याच अंशी नाहीशी होते. वाल भिजवावेत, मोड आणावेत, सोलावेत आणि मग शिजवून बिरडे करावे, हा कोकणातल्या घराघरांतील खटाटोप केवळ चवीचा नव्हे, अशी शंका घेण्यास येथे जागा होते. ‘आजीबाईंना सर्व ठाऊक होते’ असा निष्कर्ष यातून काढू नये. आजीबाईंची कृती हा प्रयोगशाळेपुढील प्रश्न होऊ शकतो, एवढेच काढावे. आणि तेवढे पुष्कळ आहे.

त्या निबंधाच्या शीर्षकात ‘वाल’ हा शब्द नाही. ‘इंडियन फील्ड बीन’ आहे. बंगळूरच्या बाजारात थंडीच्या दिवसांत जिचे ढीग लागतात ती ‘अवरे’ हीच वनस्पती. कन्नड गृहिणीची अवरे आणि कोकणी गृहिणीचे वाल यांची ओळख पटते ती लॅटिन नावाच्या मध्यस्थीने, हा शास्त्रीय नामकरणाचा मोठा गुण होय, आणि तो नाकारणे खुळेपणाचे ठरेल. पण मध्यस्थ आला म्हणून मूळ नावांनी घर सोडावे असे नाही.

भागवतांच्या घरातील दुसरी मुलगी म्हणजे दुर्गाबाई. १९५६ साली त्यांचे ‘ऋतुचक्र’ प्रसिद्ध झाले. झाडे, पाने, मेघ यांच्याकडे पाहण्याची जी बारीक, सबूर आणि प्रमाणाला चिकटून राहणारी दृष्टी त्या पुस्तकात आहे, ती वैज्ञानिकाच्या दृष्टीपासून फार दूरची नाही. एका वर्षाच्या अंतराने दोन सख्ख्या बहिणी निसर्गातील वस्तूंविषयी लिहितात. एकीचे लेखन मराठी वाङ्मयाचे भूषण ठरते, दुसरीचे मराठी वाचकाच्या दृष्टीस पडत नाही. कमलाबाईंना मराठीत लिहिता येत नव्हते असे नव्हे. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी मराठी पुस्तके लिहिली. ग्राहक चळवळीत पडल्यावर अन्नभेसळीविषयी सामान्य माणसाला कळेल असे लिहिले. पण शोध इंग्रजीत आणि समजावणे मराठीत, ही वाटणी कायम राहिली. ज्ञान वरून खाली उतरते त्या पायऱ्यांपैकी अगदी शेवटच्या पायरीवर मराठीला बसविले गेले. हा दोष कोणा व्यक्तीचा नाही. ती वाटणी त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी ठरून गेली होती.

ती कशी ठरली, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १८२० नंतरच्या दशकांत मुंबईत कॅप्टन जार्विस यांनी पंडितांच्या साहाय्याने हटनच्या गणिताचे मराठी रूपांतर ‘शिक्षामाला’ या नावाने सिद्ध केले होते; अभियांत्रिकीचे शिक्षण देशी भाषांतून देण्याचा प्रयोगही त्यांनी चालविला होता. १८४७-४८ मध्ये शिक्षणमंडळात वाद पेटला. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने, तर जार्विस, जगन्नाथ शंकरशेट आणि मंडळातील त्यांचे देशी सहकारी मातृभाषेच्या बाजूने. सरकारने तडजोडीची भाषा वापरली, परंतु उच्च शिक्षण इंग्रजीकडे गेले आणि १८५७ च्या विद्यापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतरही कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील बाळाजी प्रभाकर मोडक यांच्यासारखा अध्यापक विज्ञानावर एकामागून एक मराठी पुस्तके लिहीत राहिला. ही पुस्तके विद्यापीठाच्या वर्गात कधी शिरली नाहीत. मोडकांची थोरवी आपण शताब्द्यांच्या भाषणांतून सांगतो आणि त्यांचे गद्य कोणी वाचत नाही. मराठी गद्याच्या इतिहासात त्याला मिळायला हवे होते तेवढे स्थान मिळालेले नाही, असे माझे मत आहे.

याला एक मोठा अपवाद हैदराबादेत घडला आणि त्याचे धडे मराठवाड्याने प्रत्यक्ष भोगले. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञान व वैद्यकासह सर्व उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. आधीच्याच वर्षी त्यासाठी भाषांतरसंस्था स्थापन झाली होती आणि तिने परिभाषेचे व ग्रंथांचे प्रचंड काम केले. भारतीय भाषेत विद्यापीठीय विज्ञान शिकवता येत नाही, हा आक्षेप उस्मानियाने कृतीने खोडून काढला. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी होती. औरंगाबादच्या मुलाला इंग्रजीऐवजी उर्दू आली, एवढाच फरक. १९४८ नंतर तो प्रयोग मोडला आणि त्याबरोबर त्याचा अनुभवही अडगळीत गेला. त्याचा अभ्यास मराठीत व्हावयास हवा होता.

खुद्द बंगळुरात चित्र काहीसे निराळे होते. सेंट्रल कॉलेजातील भौतिकीचे प्राध्यापक बेळ्ळावे वेंकटनारणप्प यांनी सहकाऱ्यांसह १९१८ मध्ये ‘विज्ञान’ नावाचे कन्नड मासिक काढले. ते अल्पायुषी ठरले. याच गृहस्थांनी पुढे पंपभारताचे संपादन केले. भौतिकी शिकविणारा माणूस पंपाच्या संहितेची शुद्धाशुद्धता ठरवितो, यात कन्नड जगताला विसंगती वाटली नाही. त्यानंतर दोन पिढ्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ बी. जी. एल. स्वामी यांनी विद्यार्थ्यांबरोबरच्या वनस्पतिभ्रमंतीवर ‘हसुरु होन्नु’ लिहिले आणि त्यास १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वर्ग, झाड, विनोद आणि लॅटिन नावे यांचा तेथे एकत्र संसार आहे. मराठीत असे पुस्तक का झाले नाही, हा प्रश्न समीक्षकांनी स्वतःस विचारण्याजोगा आहे.

कमलाबाई ज्या आवारात अटींवर दाखल झाल्या, तेथेच चाळीस वर्षांनी, १९७३ मध्ये, पुण्याचे माधव गाडगीळ अध्यापक म्हणून रुजू झाले. हार्वर्डहून परतल्यावर ते प्रथम पुण्यात होते, तेथे वा. द. वर्तक यांच्यासह त्यांनी सह्याद्रीतील देवराया पाहण्यास आरंभ केला होता. बंगळुरास आल्यावर काही काळातच कर्नाटक शासनाकडून एक प्रश्न त्यांच्यापुढे आला. उत्तर कन्नड जिल्ह्यातील बांबू झपाट्याने संपत होता. मेदार, म्हणजे आपल्याकडील बुरूड, टोपल्या विणण्यास बांबू मिळत नाही अशी तक्रार करीत होते. दांडेलीच्या कागद गिरणीला मात्र तो टनाला अवघ्या दीड रुपयाने मिळे, तर बंगळूरच्या बाजारात त्याच बांबूला टनामागे दीड हजारांच्या घरात भाव होता, असे गाडगीळांनी वेळोवेळी लिहिले आहे. ऱ्हासाचा दोष मात्र गावकऱ्यांच्या गुरांवर आणि कोयत्यांवर येत असे.

तपासणीत एक लहानशी बाब पुढे आली, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण विषयाचे मर्म तीत आहे. काटेरी कळकाच्या बेटाच्या बुडाशी आडव्यातिडव्या काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. वनविभागाच्या नियमपुस्तकाप्रमाणे हे जाळे साफ करणे इष्ट होते : बेट मोकळे होते, वाढ चांगली होते, तोडणी सोयीची होते. गावकरी म्हणत, ही साफसफाईच बांबूच्या मुळावर आली आहे. पावसाळ्यात जमिनीतून निघणारे कोवळे कोंब काटे असतात म्हणून वाचतात, काटे गेले की जनावरे ते खाऊन टाकतात. दोन्ही बाजू आपापल्या परीने तर्कशुद्ध बोलत होत्या. गाडगीळ आणि त्यांचे सहकारी नरेंद्र प्रसाद यांनी साफ केलेली आणि न केलेली बेटे ठेवून कोंब मोजले. गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले.

या कथेचा भावुक अर्थ लावू नये. लोकज्ञान म्हणून ते स्वीकारले गेले नाही. परीक्षा घेतली गेली आणि ते उतरले. न उतरते तर तेही लिहावे लागले असते. वसाहतकाळापासून चालत आलेल्या वनशास्त्राचा दोष हा नव्हता की ते परके होते. विरुद्ध साक्ष तपासण्याची व्यवस्थाच त्यात नव्हती, कारण ती साक्ष कानडीत आणि अशिक्षित माणसाकडून येत होती. चंदनाच्या वेळी पदार्थ देशी होता. कळकाच्या वेळी आक्षेपही देशी होता, आणि प्रयोग त्या आक्षेपातून जन्मास आला. येथे विज्ञान शिकविण्याची रीत बदलण्याचे बीज आहे. संस्थेत १९८३ मध्ये परिसरविज्ञानाचे केंद्र उभे राहिले. १९९० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील महाविद्यालयांच्या अध्यापक-विद्यार्थ्यांचे एक जाळे जैवविविधतेच्या नोंदी करू लागले. वर्षानुवर्षे त्याच बेडकाचे त्याच पद्धतीने विच्छेदन करणाऱ्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला, ज्याचे उत्तर परीक्षकालाही माहीत नाही असा प्रश्न प्रथमच हाती लागला.

याच कामातून पुढे लोकांच्या जैवविविधता नोंदवह्यांची कल्पना निघाली आणि २००२ च्या कायद्याच्या व्यवस्थेत तिला जागा मिळाली. भाषाभ्यासकाने या नोंदवह्या हाती घ्याव्यात. झाडाचे गावातील नाव, त्याच्या भागांची नावे, माती-पाण्याचे शब्द, ऋतूंचे स्थानिक विभाग यांना येथे शासकीय दप्तरात प्रवेश आहे. ‘देवराई’ हा शब्द याच मार्गाने कोकणातून शास्त्रीय चर्चेत आला. तो कोणा समितीने घडविला नव्हता. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषाकोश काढले, १९६१ च्या केंद्रीय आयोगानेही शब्दांचे डोंगर रचले. ते श्रम व्यर्थ होते असे मी म्हणणार नाही. ‘गुरुत्वमध्य’ किंवा ‘प्रकाशसंश्लेषण’ नसते तर शाळेतला मराठी विज्ञानवर्ग मुका राहिला असता. पण कोशाची दिशा इंग्रजी शब्दाकडून मराठीकडे अशी एकेरी आहे. ज्या मराठी शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द नाही, त्याला अशा कोशात दाखल होण्याची वाटच नाही. राई, रान, बेट, झुडपी, माळ यांतील भेद त्यात सापडणार नाहीत.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर भारतीय भाषांतून उच्च शिक्षणाला पुन्हा जोर आला आहे. २०२१ पासून अभियांत्रिकीच्या काही वर्गांत मराठी माध्यमाला मुभा मिळाली आणि पाठ्यपुस्तकांची भाषांतरे झाली. या उपक्रमाची थट्टा करणे सोपे आहे आणि ती इंग्रजी वृत्तपत्रांतून होतही असते. ग्रामीण विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाचे गणित स्वतःच्या भाषेत वाचता येणे ही लहान गोष्ट नव्हे. अडचण वेगळी आहे. भाषांतरित पुस्तकात प्रश्न, उदाहरणे आणि उत्तरे जिथली तिथेच राहतात. उस्मानियाच्या भाषांतरसंस्थेने याहून कितीतरी भव्य काम केले होते. आजही एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने बुरुडांच्या, धनगरांच्या किंवा मच्छीमारांच्या साक्षी मराठीत घेतल्या तर विज्ञानशाखेच्या प्रबंधात त्या इंग्रजीत वितळवून द्याव्या लागतात, आणि मूळ नोंदी त्याच्या वह्यांतच पडून राहतात. गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, तेव्हा तो ग्रामसभांपुढे त्यांच्या भाषेत यावा असा आग्रह त्यांनी धरला होता. विद्यापीठांतील भाषाविभागांना त्यात आपले काही काम आहे असे तेव्हा फारसे कोणाला वाटले नाही. विज्ञानविभागाचा विद्यार्थी आणि भाषाविभागाचा विद्यार्थी एका गावात एकाच वहीवर काम करतात, मूळ साक्ष मराठीत प्रबंधाला जोडली जाते आणि तिच्या वाचनासाठी एक परीक्षक भाषाविभागाकडून येतो, अशी तरतूद करण्यास नवा कायदा लागत नाही. अभ्यासमंडळाच्या एका बैठकीत ती होण्यासारखी आहे.